विलायती नाव

१

माझी नोकरी तोंडाची होती. साकीनाक्याच्या एका छापखान्यात मी कॉपीहोल्डर होते. मूळ प्रत हातात धरून मी मोठ्याने वाचायचं आणि समोर बसलेल्या अंबादासभाऊंनी प्रूफावर पेन्सिल फिरवत चुका काढायच्या, असं ते काम. कॉमा आला की 'कॉमा' म्हणायचं, ओळ तुटली की 'पॅरा'. खालच्या मजल्यावर लेथ मशीनचा कारखाना होता, त्यामुळे सगळं ओरडूनच वाचावं लागे. संध्याकाळी बसने जोगेश्वरीला घरी पोचेपर्यंत घशाची पार वाट लागलेली असायची. आणि घरात जिच्याशी दोन शब्द बोलायला जीव तळमळायचा, ती माझी मुलगी बोलतच नव्हती.

वनू तीन वर्षांची होत आली होती. तिला ऐकू येत होतं, टाळी वाजली की दचकायची, रेडिओ लागला की मान डोलवायची. हसायची, रडायची, रुसायचीसुद्धा. फक्त शब्द नव्हता. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "मूल ठीक आहे. उशिरा बोलेल. जो पहिला शब्द येईल, मग तो कुठलाही असो, त्याला लगेच उत्तर द्या. तिला अडवू नका." सासूबाईंनी त्यांच्या परीने वेखंड उगाळून मधातून चाटवलं, पोपटाने चोच मारलेला पेरू कुठून तरी मिळवून भरवला. माझा नवरा सहदेव म्हणायचा, "तुझ्यासारखी बडबडी आई असल्यावर तिला चान्स कुठे मिळणार?" मी हसायचे. मग मोरीत जाऊन नळ सोडायचे आणि रडून घ्यायचे.

तिने मला 'आई' म्हणून हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मी त्या वर्षी देवाकडे मागितलं नाही.

२

शहाऐंशी सालची दिवाळी संपली आणि छापखान्यात एक मोठं काम आलं. सर्पदंशावरचं इंजेक्शन युरोपात पाठवायचं होतं आणि प्रत्येक खोक्यात घालायचं माहितीपत्रक पाच-सहा भाषांत छापायचं होतं. अशी परकी प्रत आली की आम्ही एकेक अक्षर सुटं वाचत असू. व्ही, आय, पी, ई. दोन पानांत माझा जीव मेटाकुटीला आला.

"बाई, अशाने शिमगा उजाडेल," अंबादासभाऊ म्हणाले. "मी वर पेन्सिलीने उच्चार लिहून देतो. अख्खा शब्द म्हणत चला."

अंबादासभाऊ घाटकोपरला राहायचे, मूळ जालन्याकडचे. रात्रीच्या कॉलेजात शिकून बी.ए. झालेले. वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी अंगारे-धुपारे घराबाहेर गेले, ते परत आले नाहीत, असं अभिमानाने सांगायचे. त्यांना व्यसन एकच, शब्दकोशाचं. डबा खातानाही शेजारी कोश उघडा असायचा.

त्या माहितीपत्रकात एक शब्द ओळीआड येत होता. लॅटिनमध्ये वीपेरा, इटालियनमध्येही वीपेरा, फ्रेंचमध्ये वीपेर, स्पॅनिशमध्ये बीबोरा, जर्मनमध्ये वीपर, इंग्रजीत व्हायपर. अंबादासभाऊ खूश झाले होते.

"बघा ना बाई, एकाच घरातल्या लेकी, देशोदेशी नांदायला गेल्या. मूळ शब्दाची फोड काहीजण फार छान करतात. जिवंत पोर जन्माला घालणारी. ही जात अंडी घालत नाही ना. आपली घोणस ह्यांच्यातलीच."

त्यांनी ते नाव असं सरळ घेतलं आणि मी सवयीने दाराकडे बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही. आमच्या कोकणात नाव घेत नाहीत. जनावर म्हणायचं, लांबडं म्हणायचं. नाव घेतलं की त्याला बोलावल्यासारखं होतं म्हणतात."

"मग तर हे झकासच झालं," ते हसले. "ही सगळी विलायती नावं. आपल्याकडच्याला काय कळणार आहे?"

मीही हसले. माझा जन्म परळचा, शिक्षण मॅट्रिक, असल्या गोष्टींवर विश्वास असायचं काही कारण नव्हतं. तरीपण ते ऐकून बरं वाटलं होतं, हे खरं आहे.

३

जीभ वळावी म्हणून मी घरीही शब्द घोकायला लागले. तांदूळ निवडताना, पोळ्या लाटताना. वीपेरा, वीपेर, बीबोरा. वनू खाटेवर बसून माझ्या तोंडाकडे बघायची.

"काय गो बडबडतस?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. हे त्याचं नाव, तिकडच्या देशातलं. सासूबाई तोंडभर हसल्या.

"खराच तेचा नाव? मगे बरा झाला! तेका विलायती खंय कळतला!"

आमची चाळ गुंफेच्या रस्त्यावर, मागे खडकाळ टेकाड आणि कमरेएवढं गवत. जनावर निघणं नवीन नव्हतं, आणि त्याच्याबद्दल बोलणंही टळत नव्हतं. जन्मभर ज्याच्याबद्दल कुजबुजत बोलावं लागलं, त्याचं नाव आता खणखणीत घेता येतंय, याचा त्या बाईला इतका आनंद झाला की विचारू नका. "मोरीच्या पायपाक जाळी लाव रे, वीपेरा शिरात." "गवतात जाव नको गो बाय, थंय वीपेरा असता." दिवेलागणीलाही त्या बिनदिक्कत म्हणायच्या. सहदेव तर वनूला गुदगुल्या करताना हाताची वेटोळी करून म्हणायचा, "वीपेरा आली, वीपेरा आली!" आठवड्याभरात आमच्या घरात तो शब्द मिठासारखा सगळ्यात पडायला लागला.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्याला खुपायला लागली. वनूला 'वनू' म्हणून हाक मारली की ती हाक मारणाऱ्याकडे बघायची. 'दूध' म्हटलं की पातेल्याकडे बघायची. 'वीपेरा' म्हटलं की ती खाटेखाली बघायची.

खाटेखाली आमची पत्र्याची ट्रंक होती आणि ती दिसू नये म्हणून चादर खालपर्यंत सोडलेली असायची. वनू खाटेच्या काठावर पोटावर पडायची, मान खाली करायची आणि थांबायची. कुणाला आत निरोप गेलाय आणि तो माणूस बाहेर येतोय, असं ते थांबणं होतं. मग पुन्हा उठून बसायची.

लहान मुलांना खाटेखालची जागा आवडते. मीसुद्धा लहानपणी तिथेच बाहुल्या मांडायचे. मी स्वतःला हे सांगितलं आणि मला ते पटलंही. तरी त्या दिवसापासून मी खाटेवर पाय सोडून बसेनाशी झाले.

४

कुकरचं त्यानंतर सुरू झालं.

संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि कुकरची वाफ सुटल्याचा आवाज आला. शिट्टी नव्हे, शिट्टीच्या आधी फुसफुसत राहतो तो. मी सवयीने उठून स्टोव्ह बारीक करायला गेले. स्टोव्ह थंड होता. कुकर फळीवर होता, पालथा, सकाळी घासून ठेवलेला.

मी त्या पालथ्या कुकराकडे बघत उभी राहिले. मागे आवाज चालूच होता. मग थांबला.

शेजारचा असेल, म्हटलं. चाळीत भिंती किती जाड असतात? पण शेजारच्या मालनकाकी मातीच्या चुलीवर भात करायच्या, कुकर त्यांना परवडत नव्हता हे मला चांगलं माहीत होतं. पलीकडच्यांचा असेल. वरच्या माळ्यावरचा असेल. मी माणसं शोधत गेले आणि प्रत्येकाच्या घरात एकेक कुकर ठेवत गेले.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात मी ते हसत हसत सांगितलं. "अंबादासभाऊ, माझ्या कानाला कुकर लागलाय."

"चाळ आहे बाई. कुणाचा तरी असणार."

"तेच म्हटलं मी."

"किती वेळ चालतो?"

"चालतो खूप. श्वास सोडावा तसा."

ते पेन्सिल प्रूफावर ठेवून बसले होते. मी पुढचं वाचायला लागले, एक अख्खा पॅरा वाचला, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनी एकही खूण केलेली नाही. मला पुन्हा वाचायला लावलं त्यांनी. असं त्यांच्याकडून कधी व्हायचं नाही.

५

रविवारी सहदेव घरी होता. बिस्किटांच्या कारखान्यात त्याची पाळी असायची, त्यामुळे रविवार म्हणजे आमचा सण. मी सुकटीला फोडणी देत होते, सासूबाई कांदा चिरत होत्या. वनू खाटेच्या काठावर पोटावर पडलेली, मान खाली, एक हात चादरीच्या आत.

"वीपेरा," ती म्हणाली.

माझ्या हातातला चमचा पडला. सासूबाईंनी विळी तशीच सोडली. "बोललां! चेडू बोललां!" सहदेव अंघोळीतून अर्धा ओला बाहेर आला. मी रडत होते, हसत होते, काय करत होते देव जाणे. सासूबाई साखरेचा डबा घेऊन चाळभर फिरल्या. माझी मुलगी मुकी नाही, हे मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, लगेच उत्तर द्या. मी खाटेपाशी जाऊन बसले. "काय गं राणी? काय म्हणालीस? पुन्हा म्हण ना."

"वीपेरा," ती पुन्हा म्हणाली.

स्वच्छ म्हणाली. 'र'सकट. चाळीतली पाच-पाच वर्षांची पोरं अजून 'लाम लाम' म्हणतात, आणि हिचा पहिलाच शब्द, त्यातला र एवढा घट्ट. तो विचार मनात आला आणि माझं रडू थांबलं. मग मी नीट बघितलं. वनूचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी उत्तर दिलं होतं, पण तिने हाक मला मारलीच नव्हती. तिचा चादरीआडचा हात सावकाश पुढेमागे होत होता. खाली आलेल्या मांजराच्या पाठीवरून फिरवावा, तसा.

मी तिला उचलून घेतलं. तिचा तळवा गार होता आणि त्याला वास येत होता, उन्हात तापलेल्या गवतासारखा.

६

सहदेवने खाट उभी केली, ट्रंक ओढली, काठीने कोपरे ठोकले. "काही नाहीये गं. उंदीर पण नाही. तुझं डोकं फिरलंय."

काही नव्हतं खरंच. पण ट्रंकेखालच्या लादीवरून मी बोट फिरवून बघितलं. तिथे वर्षानुवर्षं केरसुणी पोचलेली नाही. बोटभर धूळ हवी होती. लादी घासून पुसल्यासारखी लख्ख होती, भिंतीपर्यंत.

सहदेव बाहेर गेल्यावर मी सासूबाईंना कुकरचं सांगितलं. त्यांनी आधी वनूला जवळ ओढलं.

"ता कुकर न्हय गो," त्या म्हणाल्या. "आमच्या गावाक काजीच्या बागेत असो आवाज इलो की पाय थंयच रोवायचो." त्यांच्या ओठावर ते नाव आलं होतं, अंबादासभाऊंनी घेतलेलं. त्यांनी ते गिळलं.

"आये, पण ते नाव तर विलायती आहे."

"देशी काय नि विलायती काय! आमी वायट म्हणान नाव टाकलेला. ह्या घरात तेका मायेन हाक मारली. मायेन बोलावल्यार कोण येवचा नाय?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही तिघांनी तो शब्द टाकला. सहदेवलाही शपथ घातली. पण वनूला शपथ कशी घालणार? तिच्याकडे तेवढा एकच शब्द होता. ती तो सकाळी म्हणायची, जेवताना म्हणायची, आणि दर वेळी मान खाली करून थांबायची. "विसरात तवसर तेच्या तोंडार हात ठेव," सासूबाई सांगायच्या. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अडवू नका. तीन वर्षं ज्या तोंडातून एक शब्द यावा म्हणून मी नवस बोलले, त्याच तोंडावर हात ठेवायचा? मी ठेवला नाही. ती बोलायची आणि मी दुसरीकडे बघायचे. रात्री खाटेखालचं दिसत राहावं म्हणून तिला मधे घेऊन खाली चटईवर झोपायचे आणि झोप यायची नाही.

छापखान्यात मी अंबादासभाऊंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मुलीला बोलू द्या. शब्दाने कुणी येत नसतं. आपणच असं मानायला लागलो तर आमच्या बापाने एवढं सोडलं ते कशाला?"

"मग तो आवाज?"

"असतील त्याला कारणं."

मला धीर आला. मग त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या हातातून प्रत घेतली. "आज तुम्ही प्रूफ बघा, मी वाचतो. तुमचा घसा बसलाय." वाचायला लागले, नेहमीच्या खणखणीत आवाजात. तो शब्द आला तिथे थांबले आणि म्हणाले, "तोच शब्द. कॉमा." पुढच्या ओळीतही म्हणाले, "तोच शब्द." त्या दिवशी सगळं माहितीपत्रक त्यांनी असंच वाचलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

७

शेवटी सासूबाई खारदांड्याला गेल्या. तिथे त्यांची एक मानलेली बहीण होती, तिला असल्यातलं कळतं म्हणायच्या. सहदेव दुसऱ्या पाळीला. मी रजा टाकून घरी होते. उन्हं टेकाडावरून उतरत आली होती, चाळीत दुपारची सामसूम होती, कुणाच्या तरी घरी शिलाई मशीन चालू होती.

मी वनूला मांडीवर घेऊन खाटेवर बसले होते, पाय वर घेऊन. खाटेखाली आता काहीच नव्हतं, ट्रंक आम्ही बाहेर दाराशी ठेवली होती. चादर मी गादीखाली घट्ट खोचलेली होती, खालचं दिसावं म्हणून. आता ती खाली सुटलेली होती. वनूने ओढली असेल. तिला तेवढी ताकद असते.

मी तिच्याशी बोलत होते. "हा बघ कावळा. कावळा म्हण. पाणी म्हण. आई म्हण ना गं. एकदा." कुठलाही दुसरा शब्द आला असता तर सुटलो असतो आम्ही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तांदूळ निवडताना बघायची तशीच. मग तिने श्वास घेतला. खालचा ओठ वरच्या दातांखाली गेला. तो शब्द येणार हे मला कळलं.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिने झटापट केली नाही. नुसते डोळे मोठे केले. तिचा नाकातला श्वास माझ्या बोटाला लागत होता. मला माझीच किळस आली, तरी मी हात काढला नाही.

आवाज सुरू झाला. जवळून, खालून, लांबलचक. कुकर समोर फळीवर होता, मला बसल्या जागेवरून दिसत होता. शेजारचा असेल, मी म्हटलं. हे मी मोठ्याने म्हटलं. शिलाई मशीन थांबली होती.

मग चादरीची कड हलली. वाऱ्याने हलते तशी नाही. जमिनीपासून थोड्या उंचीवर ती बाहेर फुगली आणि तशीच राहिली. तो फुगवटा वनूच्या डोक्याएवढा होता. कुणीतरी आत बसून कापडाला तोंड टेकवलंय, एवढंच दिसत होतं. हात लांब केला असता तर चादर वर करता आली असती. माझा एक हात मोकळा होता. मी तो हलवला नाही.

आवाज बंद पडला.

"आई," खालून हाक आली.

लहान आवाज होता. गोड, झोपेतून उठल्यासारखा जरा घोगरा. मी तो याआधी कधी ऐकला नव्हता, पण वनू जन्मल्यापासून मनातल्या मनात मी हाच आवाज ऐकत आले होते. माझ्या तळहाताखाली वनूचे ओठ मिटलेले होते. ते हलले नव्हते, हे मला कातडीला कळत होतं. मांडीवरची मुलगी माझी आहे, खालचं जे आहे ते माझं नाही, हेही मला कळत होतं.

"आई," पुन्हा आली. या वेळी जरा रडवेली.

मी काय करणार होते? किती वाट बघितली होती त्या हाकेची.

"ओ," मी म्हटलं.